वखारीत जिना बसवला त्याची गोष्ट

१४ सप्टेंबर २०२२. सकाळपासून पावसाची झड होती. साडेअकराच्या सुमारास यार्डातली इक्वेडोरच्या सागाची थप्पी सरकली. खालचा गुटका, म्हणजे थप्पी अडवणारा लाकडी ठोकळा, ओला होऊन निसटला होता. वरचे चार ओंडके घरंगळत आले आणि त्यातला एक, ओंडका करवतीकडे नेणाऱ्या ट्रॉलीवरच्या आमच्या माणसाच्या डाव्या पायावर बसला. दोन बोटं चेंगरली. तो आमच्याकडे नऊ वर्षं होता, सगळे त्याला भाईजान म्हणायचे.

त्या दिवशीची धावपळ सांगत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा: माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकणार नसेल तर कारखाना निरीक्षकांना अपघाताची सूचना द्यावी लागते, आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) अपघात अहवालही लगेच भरावा लागतो. आम्ही दोन्ही वेळेत भरले म्हणून भाईजानला घरी बसलेल्या काळात पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळाला. अहवालात 'अपघाताचं कारण' असा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'पावसामुळे गुटका निसटला.' लिहिताना माझं मलाच ते पटलं नाही.

संध्याकाळी बाबा थप्पीपाशी उभे राहून म्हणाले, "दीड मणाच्या ओंडक्यानं पाय घेतला? अगं, आम्ही पंधरा-पंधरा मणांचे बर्मा साग पहारीनं लोळवलेत. कुणाला खरचटलं नाही."

खरचटलं नाही हे अर्थात खरं नाही. मामांच्या, म्हणजे आमच्या मुकादमांच्या, उजव्या हाताचं करंगळीचं पेर १९९१ सालापासून नाही. पण बाबांच्या वाक्यात एक गोष्ट दडलेली होती. ती मला कळायला पुढचे चार महिने लागले.

आमची वखार ठाण्यात, बाळकुमच्या पुढे, कशेळीच्या पुलाअलीकडे, खाडीच्या अंगाला आहे. बाबांनी १९७८ मध्ये सुरू केली. दोन बँडसॉ (पट्ट्याच्या करवती), बावीस माणसं. मी अकरा वर्षं एका ऑफिसात हिशेब बघितले आणि २०१९ मध्ये इथे आले. लाकडातलं मला काही कळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. हिशेबातलं कळतं, हे हळूहळू माहीत झालं.

तर आधी हिशेब. गोल माल मोजायची आपली जुनी रीत बहुतेक वखारवाल्यांना पाठ असते: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. पाच फूट घेराचा, बारा फूट लांबीचा ओंडका घ्या. सव्वाचा वर्ग गुणिले बारा, म्हणजे पावणेएकोणीस घनफूट. वजन सहाशे किलोच्या आसपास. बाबांच्या काळात असे ओंडके यायचे. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली आणि तो माल संपला. आता न्हावा-शेव्याहून कंटेनर येतो तो लागवडीच्या सागाचा: घेर दोन फूट, लांबी साडेसात फूट. अर्ध्याचा वर्ग गुणिले साडेसात, पावणेदोनच्या वर थोडंसं. म्हणजे बाबांच्या एका ओंडक्याएवढं लाकूड हवं असेल तर मला दहा ओंडके हाताळावे लागतात. दहादा उचला, दहादा ट्रॉलीवर चढवा, दहादा फिरवा, दहादा पकडा.

आणि वजन साठ किलो. इथेच खरी गोम आहे. सहाशे किलोला कुणी हात लावायला जात नाही. तिथे तिकाटणं लागतं, चेन ब्लॉक लागतो, माणसं लांब उभी राहतात. साठ किलो दोन माणसं खांद्यावर घेतात. दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा घेतात. आमची अवजारं जुन्या ओंडक्यासाठी होती, माल नवा होता, आणि मधली फट माणसांच्या पाठी भरून काढत होत्या.

हे सगळं मला तेव्हाच सुचलं असं समजू नका. दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, मशिनांची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मी पाच टनी ओव्हरहेड क्रेनची कोटेशनं मागवायला लागले. मोठी क्रेन घेतली की आधुनिक झालो, अशी माझी समजूत. तीन कोटेशनं आली, १९ लाखांपासून २८ लाखांपर्यंत. एका विक्रेत्यानं सहज विचारलं, "मॅडम, तुमचा सगळ्यात जड ओंडका किती किलोचा?" मला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न मी स्वतःला आधी विचारला असता तर दोन महिने वाचले असते.

मग नोव्हेंबरमध्ये मोबाइलवरचं घड्याळ लावून मोठ्या बँडसॉजवळ सहा दिवस खुर्ची टाकून बसले. पट्टा लाकडात असला की चालू, बाहेर आला की बंद. आठ तासांच्या पाळीत पट्टा लाकडात होता सरासरी २ तास ५० मिनिटं. बाकी वेळ तो रिकामा होता. पट्टा बदलणं, भुसा काढणं, चहा हे सगळं धरून दीड तास. उरलेले साडेतीन तासांहून जास्त पट्टा ओंडक्याची वाट बघत होता. यार्डातून यायची वाट, ट्रॉलीवर चढायची वाट, पहारीनं फिरवून नीट बसायची वाट. वाट बघतानाही वीज मात्र चालूच.

मामा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, माणसं विचारतात, कुणाला काढायचंय का?"

ही माझी दुसरी चूक. घड्याळ लावायच्या आधी सगळ्यांना बसवून सांगायला हवं होतं. त्या शनिवारी सांगितलं: कुणाला काढणार नाही, गाडी उतरवणाऱ्या टोळीचा घनफुटाचा दर कमी करणार नाही. टोळीच्या मुकादमानं हे कागदावर मागितलं. दिलं. तुम्ही असं काही करणार असाल तर हा कागद पहिल्या आठवड्यातच द्या. पुढे मशिन नीट चालावं म्हणून ज्यांची मदत लागणार आहे, ती हीच माणसं असतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मामांना घेऊन गांधीधामला गेले. कांडला बंदरामुळे आयात लाकडाच्या गिरण्यांची तिथे रांगच आहे. बोरिवलीहून कच्छ एक्स्प्रेस, दोन रात्री प्रवासात, एक मुक्काम. खर्च दोघांचा नऊ हजारांच्या आत. सगळ्या प्रकरणात याहून स्वस्त आणि उपयोगी काहीच झालं नाही. एका गिरणीत आम्ही पहिल्यांदा चेन डेक बघितला: लोखंडी उतरता ओटा, त्यावर तीन समांतर साखळ्या, त्यांना उभे दात. ओंडक्यांचा भारा एका टोकाला टाकायचा, साखळ्या त्याला पुढे सरकवतात, शेवटी एक दांडा एकेकच ओंडका सोडतो आणि तो थेट ट्रॉलीवर जातो. ट्रॉलीवर हायड्रॉलिक पंजे त्याला पकडतात, एक बाहू हवा तसा फिरवतो. मामा अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तर जिना आहे. मॉलमध्ये असतो तसला." तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव जिना.

तिथल्या मालकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, साल आणि माती साखळीत जाते, तेव्हा डेकच्या खाली उघडं ठेवा, झाकू नका. दोन, वाकडे ओंडके काडेपेटीतल्या काड्यांसारखे एकमेकांवर चढतात, त्याला इलाज नाही, एक माणूस पहार घेऊन उभा ठेवावाच लागतो. कोटेशन देणाऱ्या एकाही विक्रेत्यानं दुसरी गोष्ट सांगितली नव्हती.

ठरलं ते असं: चेन डेक, जुन्या ट्रॉलीला हायड्रॉलिक पंजे आणि फिरवायचा बाहू, आणि शहापूरकडून अधूनमधून येणाऱ्या जाड मालासाठी दोन टनी इलेक्ट्रिक होइस्ट (ओंडका उचलायची कप्पी) एका सरळ तुळईवर. पाच टनी क्रेन रद्द. अंदाज २७ लाख, जीएसटी सोडून.

मग कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आरागिरणीच्या परवान्यात किती सॉ, चाकाचा व्यास किती, मोटर किती अश्वशक्तीची, हे सगळं नोंदलेलं असतं. जंगलांविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नव्या आरागिरण्यांना बंदी घातली. पुढे २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आलं. तेव्हापासून 'क्षमता वाढ' हा शब्द वनखात्यात जपूनच वापरावा लागतो. आम्ही नवा सॉ बसवत नव्हतो, पण नव्या मोटरी येत होत्या: डेकला ५ अश्वशक्ती, हायड्रॉलिक पॉवर पॅकला १०, होइस्टला ३. तेव्हा आधीच विचारलेलं बरं, म्हणून मार्चमध्ये वनखात्याकडे अर्ज केला. सोबत परवान्याची प्रत, नकाशा, प्रत्येक मोटर कशाला लागणार याचा तक्ता.

त्याच आठवड्यात बँकेत गेले. तारण न देता, हमी योजनेखाली २२ लाखांचं कर्ज मागितलं होतं. मॅनेजरसाहेबांनी प्रकल्प अहवाल चाळला आणि विचारलं, "यातून उत्पादन किती वाढेल?"

दोन दिवसांनी वनखात्यातल्या साहेबांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "यातून उत्पादन वाढणार नाही ना?"

ठाणे स्टेशनला उतरून मी पंधरा मिनिटं बाकावर हसत बसले होते. मग हसू थांबलं, कारण दोघांनाही खरंच उत्तर द्यायचं होतं, आणि ते एकच असायला हवं होतं. आमच्या सीए मावशींनी (नात्यानंही मावशी, फीसुद्धा मावशीसारखीच घेतात, म्हणजे रागावून) सरळ सांगितलं: "दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्यास तर एक दिवस दोन्ही कागद एकाच टेबलावर येतील."

सॉ तोच, त्याची मोटर तीच, परवान्यातली क्षमता तीच. त्या मंजूर क्षमतेपैकी आपण किती वापरतो, हे माझ्या सहा दिवसांच्या वहीत होतं. बँकेला मी लिहिलं की मंजूर क्षमतेचा वापर वाढेल, उतारा (ओंडक्यातून निघणारी फळी) वाढेल, अपघात आणि गैरहजेरी कमी होईल. वनखात्याला लिहिलं की मंजूर क्षमतेबाहेर एक घनफूटही जाणार नाही, ही यंत्रं ओंडका हलवतात, कापत नाहीत. दोन्हींत तोच तक्ता जोडला. उताऱ्याचा मुद्दा बँकेला सगळ्यात आवडला. पंजांनी घट्ट पकडलेला ओंडका थरथरत नाही, फळी सरळ निघते, रंध्याला कमी जाते. सागासारख्या महाग लाकडात दोन टक्के फळी वाचली तरी कर्जाचा हप्ता हलका होतो.

वनखात्याचं पत्र अकरा आठवड्यांनी आलं. कुणी अडवलं नाही, मीही तीन फेऱ्यांपेक्षा जास्त मारल्या नाहीत. दर फेरीला अर्जाचा आवक क्रमांक सांगितला की काम लवकर होतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कारखान्याच्या मंजूर नकाशात यंत्रांची जागा बदलली, म्हणून सुधारित नकाशाही दिला. गरज नाही असं सल्लागार म्हणत होते. मी दिला, कारण पुढच्या तपासणीला वाद घालायची मला हौस नव्हती.

विजेचा भार ५५ किलोवॉटवरून ७० वर नेला. अर्ज ते जोडणी सात आठवडे. कर्ज जुलैत मंजूर झालं. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि खाडीकाठी पावसाळ्यात कुणी खणत नाही, तेव्हा काम दसऱ्यापर्यंत थांबलं. सप्टेंबरमध्ये हरियाणातल्या यमुनानगरच्या एका कारखान्याला ट्रॉलीच्या हायड्रॉलिकची ऑर्डर दिली. डेक आणि होइस्टची तुळई रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडे. पैसे ३० टक्के आगाऊ, ६० माल निघताना, १० चाचणीनंतर तीन महिन्यांनी. शेवटच्या दहावर दोघांनीही कुरकुर केली. मी हटले नाही, आणि पुढे त्या दहा टक्क्यांनीच मला वाचवलं.

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा. पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पायासाठी खणायला सुरुवात केली.

डेकची मोटर आणि खालची साखळी खड्ड्यात बसवायची, म्हणजे ओटा जमिनीच्या पातळीवर येईल, असा फॅब्रिकेटरचा नकाशा. चार फूट खणलं. दुसऱ्या सकाळी खड्ड्यात दोन फूट पाणी. पंप लावला, काढलं. संध्याकाळी परत पाणी. ठेकेदार म्हणाला झरा लागलाय. मामा खड्ड्याच्या काठावर विडी ओढत बसले होते, म्हणाले, "झरा नाही. भरती आहे. परवा पुनव, बघा किती चढतं." २८ ऑक्टोबरला कोजागिरी होती. पौर्णिमेच्या उधाणाला खड्डा काठापर्यंत भरला. आमची वखार खाडीची आहे, हे मला कागदावर माहीत होतं, मामांना हाडात माहीत होतं. २६ जुलै २००५ ला इथे ऑफिसच्या टेबलावरून पाणी गेलं होतं, हेही मी ऐकून होते. तरी खड्डा खणला.

खड्डा बुजवला. १ लाख १० हजार गेले. डेक जमिनीपासून दीड फूट वर घेतला, भारा टाकायला उतार बांधला. विजेचं पॅनेल चार फूट उंच चौथऱ्यावर गेलं. आता वाटतं, डेक वर आहे तेच बरं, खालून खराटा फिरतो, साल साचत नाही.

इथे एक हिशेबाची गोष्ट, मावशींची. इमारतीच्या बांधकामावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, पण यंत्राचा पाया आणि त्याचे आधार यंत्रातच धरले जातात, त्यावर मिळतो. म्हणून ठेकेदाराकडून दोन बिलं घ्या: यंत्राच्या पायाचं वेगळं, शेड-भिंतीचं वेगळं. एकच गोळाबेरीज बिल घेतलंत तर १८ टक्के बुडाले समजा.

दिवाळी १२ नोव्हेंबरला, मग छठ. निम्मी माणसं गावी. पाया सुकायला तेवढाच वेळ मिळाला. माल डिसेंबरच्या शेवटी आला तो रात्री साडेबाराला, कारण ट्रेलरला दिवसा शहरातून यायची मुभा नव्हती, आणि मेट्रोच्या खांबांमुळे वळण घ्यायला पाऊण तास. हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, आधीच बोलावून ठेवला होता, तो तासावर मोजून उभा होता.

जानेवारीत जोडणी. १९ जानेवारीला संध्याकाळी वेल्डिंग संपवून सगळे साडेसातला गेले. दहाच्या सुमारास वॉचमनचा फोन: "ताई, आग नाही, पण वास येतोय." मी आणि बाबा रिक्षानं पोहोचलो. डेकच्या मागच्या पायाशी भुशाचा एक जुना थर राहिला होता, वीतभर. वर काहीच दिसत नव्हतं. बाबांनी काठीनं तो उकरला आणि आत लाल निखारा, मुठीएवढा. वेल्डिंगची ठिणगी तीन तास भुशाच्या पोटात जगली होती. दोन बादल्या पाण्यात विझला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त काठी तिथेच रोवून ठेवली. त्यानंतर वेल्डिंग दुपारी चारला बंद, आणि त्यापुढे तीन तास एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन तिथेच. वखारीत काम काढणार असाल तर हे आधी ठरवा, कोटेशनच्याही आधी.

५ फेब्रुवारीला पहिली चाचणी. भारा टाकला, मोटर चालू केली, पाच ओंडके सुरेख गेले, सहावा आडवा झाला, सातवा त्याच्यावर चढला, आठव्यानं दोघांना ढकललं आणि साखळी कर्रर्र करून थांबली. गांधीधामच्या मालकांची काडेपेटी. फॅब्रिकेटर म्हणाला तुमचा माल वाकडा आहे. मी म्हटलं माल वाकडाच येणार, साग लागवडीचा आहे, तोफेची नळी नाही. नकाशात आम्ही ओंडक्याचा घेर आणि लांबी दिली होती, वाक दिला नव्हता. तो आमचा दोष. तिन्ही साखळ्या एका वेगानं ओढल्या जात नव्हत्या, तो त्याचा. शेवटच्या दहा टक्क्यांकडे बघून त्यानं दात असलेली चाकं बदलली, बाजूला तिरके मार्गदर्शक पट्टे लावले. व्हीएफडीनं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणानं, वेग जवळजवळ निम्म्यावर आणला. आता तासाला एकदोनदा अडकतं. पहार काही सुटली नाही.

पॅनेलवरची सगळी बटणं इंग्रजीत होती. ट्रॉलीवरच्या माणसांपैकी एकालाही ती वाचता येत नव्हती, हे लक्षात यायला चौथा दिवस उजाडला, कारण कुणी बोललं नाही. सगळे बटणांची जागा पाठ करून चालवत होते. त्याच रात्री चित्रांचे स्टिकर छापून घेतले: ओंडका पुढे, ओंडका मागे, पंजा उघडा, पंजा बंद. लाल थांबा-बटण दोन होती, ती पाच केली. डेकच्या दोन्ही बाजूंनी दोरी लावली, ती कुठूनही ओढली की सगळं थांबतं. खर्च साडेअकरा हजार. हे पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहायला हवं होतं.

मार्चमध्ये हायड्रॉलिकचा एक होज फुटला. ६८ नंबरचं तेल कारंज्यासारखं उडालं आणि नुकत्याच कापलेल्या बारा सागाच्या फळ्यांवर बसलं. सागात तेल मुरलं की पॉलिश धरत नाही. त्या फळ्यांची आम्ही यार्डातली बाकं केली. होजला आता पत्र्याचं आवरण आहे, टाकीच्या श्वासनळीवर भुसा अडवणारी जाळी आहे. ती दर सोमवारी हवेनं साफ करावी लागते, नाहीतर मे महिन्यात तेल तापतं आणि पंजे ढिले पडतात.

होइस्टची चाचणी बाहेरच्या मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून करून घेतली. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे उचलायची यंत्रं, साखळ्या, दोर हे सगळं वर्षातून निदान एकदा तपासून घ्यावं लागायचं. पहिल्या चाचणीला क्षमतेच्या सव्वापट भार, म्हणजे अडीच टन. एवढं वजन आणायचं कुठून? वजनकाट्यावर ओंडके मोजून त्यांचा अडीच टनांचा भारा बांधला. तो जमिनीवरून एक फूट उचलून धरला, तेव्हा अख्खी वखार शांत होती. दहा मिनिटांनी खाली ठेवला. तपासणाऱ्या साहेबांनी तुळईचा वाक मोजला, प्रमाणपत्रावर सही केली आणि चहा मागितला.

एकूण खर्च, जीएसटी सोडून: डेक ८ लाख ९० हजार, ट्रॉलीचं हायड्रॉलिक १२ लाख २० हजार, होइस्ट तुळईसह ५ लाख १० हजार, वीज २ लाख ६० हजार, पाया ३ लाख ३० हजार (बुडालेल्या खड्ड्यासकट), आणि हायड्रा, प्रवास, स्टिकर, बदललेले होज असं सटरफटर १ लाख ३० हजार. ३३ लाख ४० हजार. २७ च्या अंदाजावर जवळजवळ साडेसहा लाख जास्त. जोडणीच्या काळात मोठा सॉ १९ दिवस बंद होता, तो तोटा यात नाही.

मे महिन्यात परत खुर्ची टाकून सहा दिवस बसले. पट्टा लाकडात ४ तास ४० मिनिटं. आता सॉ वाट बघतो ती ओंडक्याची नाही, त्याच्या पुढच्या फळ्या रचणाऱ्या माणसाची. अडचण तीन फूट पुढे सरकली आहे. बाबा म्हणाले, आता त्याच्यासाठी काय आणणार? मी म्हटलं, एक हप्ता तरी फेडू दे.

बाबांना डेकचं कौतुक नाही, होइस्टचं आहे. शहापूरचा एखादा साडेपाच फुटी घेराचा ओंडका आला की ते टेप घेऊन स्वतः जातात, खडूनं त्यावर आकडा लिहितात आणि होइस्टचं बटण कुणाला दाबू देत नाहीत.

भाईजान जानेवारी २०२३ मध्येच परत आला होता. जड काम जमत नव्हतं, वर्षभर भुसा भरायचा. आता जिन्याच्या पायपट्टीवर तोच असतो, उजव्या पायानं चालवतो. २०२४ मध्ये ९ जूनला पहिला मोठा पाऊस आला. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. त्यानं जिना बंद केला, छत्री न घेता यार्डात गेला, थप्पीच्या चारही कोपऱ्यांचे गुटके एकेक करून डाव्या पायानं ठोकून बघितले, मग येऊन परत बसला.